जामीन मंजूर होऊनही कैदी तुरुंगातच का राहतात?

आपण विचारले आहे की, न्यायालयाने जामीन मंजूर केल्यावरही काही कैदी महिनोन्‌महिने तुरुंगात का असतात, आणि गुन्ह्याच्या आरोपाखाली आत गेलेल्यांची समाजाने एवढी काळजी का करावी. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने मी तुरुंगात जाऊन कैद्यांची प्रकरणे पाहतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. दुसऱ्याचे बरेचसे उत्तर त्यातच येईल.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५,७३,००० बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ४,३४,००० कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे होते. यांतील अनेकांना न्यायालयाने जामीन नाकारलेला असतो आणि त्यामागे कारणेही असतात. मी मात्र येथे ज्यांना सोडण्यास हरकत नाही असे न्यायाधीशांनीच लिहून दिले आहे आणि तरीही जे आत आहेत, अशांविषयीच बोलत आहे.

आदेशात ‘१५,००० रुपयांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ असे लिहिलेले असते. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतःच लिहून दिलेली हमी. बाहेरच्या माणसाला वाटते की, पंधरा हजार भरले की माणूस सुटला. प्रत्यक्षात जामीनदार म्हणून, आरोपी तारखेला आला नाही तर ही रक्कम मी भरीन, असे न्यायालयात येऊन लिहून देणारी व्यक्ती लागते. तिच्याकडे रेशनकार्ड, पगाराची पावती, सातबारा किंवा तहसील कार्यालयाचा ऐपतीचा दाखला असावा लागतो, आणि पुष्कळदा ती त्याच जिल्ह्यातली असावी अशीही अपेक्षा असते. परराज्यातून बांधकामावर आलेल्या मजुराला शहरात ओळखणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे मुकादम, आणि मुकादम पोलीस ठाण्याच्या दारापर्यंतही येत नाही. तांब्याच्या तारा चोरल्याचा आरोप असलेल्या एका तरुणाचा भाऊ रोजगार बुडवून दुसऱ्या जिल्ह्यातून सातबारा घेऊन आला होता. वारसनोंद झालेली नसल्याने जमीन मृत आजोबांच्याच नावावर होती. लिपिकाने उतारा उलटसुलट पाहून परत केला आणि भाऊ संध्याकाळच्या एसटीने निघून गेला. नियमाप्रमाणे लिपिकाचे काही चुकले नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

ही अडचण नवी नाही. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याची हमी नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते साफ चूक ठरवले. त्यानंतर चार दशके उलटली तरी ‘स्थानिक जामीनदार आणा’ हे वाक्य कानावर पडतेच.

याचा सर्वांत वाईट परिणाम खटल्यावर होतो, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. लहान चोरीच्या प्रकरणात सहा-आठ महिने आत काढलेल्या माणसाला कोणीतरी सुचवते की गुन्हा कबूल कर, भोगलेली कोठडी शिक्षेतून वजा होईल आणि तू लगेच सुटशील. खटला लढायचा तर जामीनदाराअभावी आतच राहावे लागणार, कबूल केले तर घरी जाता येणार. अशा वेळी तो निर्दोष असला तरी काय निवडेल हे वेगळे सांगायला नको. त्या कबुलीने त्याच्या नावावर दोषसिद्धी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत गेल्यावर सुटकेचा हक्क मिळू शकतो (फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेले आरोपी वगळून). पुढे हाच माणूस पुन्हा संशयावरून पकडला गेला, तर ही सवलत त्याने आधीच गमावलेली असते. मग त्याला सराईत म्हणायला आपण मोकळे.

कायदा याबाबत मुका आहे असे नाही. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर आरोपी निर्धन आहे असे मानून त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये निर्देश दिले की, जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिन्याभरात हमी सादर न झाल्यास न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तीत सुरुवातीला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. योजना स्वागतार्ह आहे, तरी सरकारच्याच तिजोरीतून पैसे काढून ते न्यायालयात भरायचे, म्हणजे सरकारनेच अटक केलेला माणूस सुटेल, यात मला थोडी गंमत वाटते. त्यापेक्षा किरकोळ प्रकरणांत पहिल्याच आदेशात जातमुचलक्यावर सुटका दिली, तर ना निधी लागेल, ना ही मदत मंजूर करणाऱ्या समितीची बैठक.

‘मग हे लोक पळून जातील’ हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण ज्याचे बिऱ्हाड, बायकामुले आणि रोजचे काम एकाच वस्तीत आहे, तो तारखेला येण्याची शक्यता भाड्याने आणलेल्या जामीनदाराच्या सहीमुळे वाढत नाही, आणि असे व्यावसायिक जामीनदार असतात हे न्यायालयात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पत्त्याची खातरजमा आणि ठराविक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी हे उपाय अधिक उपयोगी आहेत आणि ते आजही न्यायालयाच्या हाती आहेत.

आपल्या माहितीतील कोणी असे अडकले असेल, तर कुटुंबीयांनी जामीन आदेशाची प्रत घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्जात आदेशाची तारीख, जामीनदार का मिळत नाही याचे कारण आणि राहत्या पत्त्याचा कोणताही पुरावा द्यावा, आणि मागणी ‘रक्कम कमी करा’ एवढीच न ठेवता ‘जातमुचलक्यावर मुक्त करा’ अशी स्पष्ट शब्दांत लिहावी.