सरकार बदललं की परराष्ट्र धोरण बदलतं का? नव्याने अभ्यास करणाऱ्यासाठी

प्रश्न छान आहे, आणि सुरुवातीला फार वाचावंही लागणार नाही. आधी एवढंच करा:

- भाषणं बाजूला ठेवून करार बघा. १९७७ मध्ये जनता पक्ष ‘खऱ्या अलिप्ततेची’ (म्हणजे अमेरिका किंवा सोव्हिएत संघ, कोणाच्याच गटाकडे न झुकण्याची) भाषा करत सत्तेवर आला, तरी सोव्हिएत संघाशी १९७१ साली झालेला मैत्री करार मोरारजी देसाईंच्या सरकारने कायम ठेवला. शेजारी, सीमा आणि शस्त्रांचा पुरवठा निवडणुकीने बदलत नाहीत.
- करार कशाच्या आधारावर उभा आहे ते तपासा. माझ्या मते हे सर्वांत महत्त्वाचं. २०१५ चा इराण अणुकरार हा अमेरिकी सिनेटने मंजूर केलेला तह नव्हता; त्यामुळे २०१८ मध्ये ट्रम्प यांना त्यातून बाहेर पडणं सोपं गेलं.

नवखे अभ्यासक प्रत्येक बदल नव्या नेत्याच्या नावावर जमा करतात. ही चूक टाळा. अफगाणिस्तानातून अमेरिकी सैन्य ऑगस्ट २०२१ मध्ये, बायडेन यांच्या काळात पूर्णपणे बाहेर पडलं; पण माघारीचा करार आधीच्या ट्रम्प सरकारने तालिबानशी फेब्रुवारी २०२० मध्ये कतारमधल्या दोह्यात केला होता.

सिद्धान्तांची पुस्तकं सध्या राहू द्या. एकच देश आणि एकच सत्तांतर निवडा, आधीची दोन आणि नंतरची दोन वर्षं शेजारी ठेवून वाचा. अडलात तर जरूर विचारा.