उरलेल्या आणि हाताने कातलेल्या लोकरीतून छोट्या वस्तू विणण्यात खरोखर आनंद असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की, सासूबाईंच्या कपाटातून लोकरीचे 20-22 लहानमोठे गुंडे निघाले आहेत, शिवाय हिमाचलच्या सहलीत एका खेड्यातून घेतलेली, हाताने कातलेल्या लोकरीची 80 ग्रॅमची एक लडी घरात पडून आहे आणि यांपैकी कशाचाच स्वेटर होण्यासारखा नाही. तेव्हा त्यातून छोट्या वस्तू विणण्यात काही आनंद आहे, की तो नुसता वेळ घालवण्याचा प्रकार आहे? तुम्ही घोडबंदर रोडला राहता आणि मी नौपाड्यात, म्हणजे आपल्या दोघींचा उकाडा एकच. त्यामुळे थंडीचे कारण पुढे करून मला सुटका करून घेता येणार नाही.

आपल्या ठाणे शहराचे आणि लोकरीचे नाते तसे गमतीचे आहे. 1925 साली येथे लोकरीच्या कापडाची गिरणी निघाली, तीच पुढे रेमंड म्हणून देशभर गाजली आणि कित्येक ठाणेकरांची घरे लोकरीवर चालली. पण खुद्द ठाणेकराला अंगावर लोकर घालावीशी वाटते ती वर्षातून जेमतेम पंधरा दिवस, तीही पहाटे तलावपाळीला फेरी मारायला निघाल्यावर. अशा गावात पूर्ण बाह्यांचा स्वेटर तीन महिने खपून विणायचा आणि मग तो डांबराच्या गोळ्यांबरोबर पेटीत ठेवून द्यायचा, हा उद्योग मी दोनदा केला आहे. त्यांतला एक स्वेटर अजूनही नवाकोरा आहे. आपल्या हवेला शोभेल असे विणकाम छोटेच असते, असे माझे मत त्यानंतर झाले.

आता आनंदाविषयी. नेहमीच्या विणकामात नमुना आधी ठरतो आणि लोकर त्याच्या मागून येते. 400 ग्रॅम लोकर, दहा नंबरची सुई, इतके टाके घाला, इतक्या ओळी विणा, असे कोणीतरी सांगितलेले असते आणि आपण ते मुकाट्याने पार पाडतो. उरलेल्या लोकरीच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. हातात 24 ग्रॅमचा गुंडा असतो, तेवढीच लोकर या जगात शिल्लक असते, कारण तो रंग दुकानातून केव्हाच गेलेला असतो, आणि या 24 ग्रॅमचे काय होऊ शकते हे त्या गुंड्यालाच विचारावे लागते. मला या कामात जी गोडी लागली ती या विचारण्याची.

याचे सर्वांत सोपे उदाहरण म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्याकडे विणलेला चौकोन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर गुंडा तोलून घ्यावा. समजा, तो 24 ग्रॅम भरला. सुईवर फक्त तीन टाके घालावेत आणि सगळ्या ओळी सुलटच विणत, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जावे. त्रिकोण मोठा होत जातो, आणि मध्येमध्ये गुंडा काट्यावर ठेवून पाहायचा. तो 13 ग्रॅमवर आला की, म्हणजे मोडण्या-जोडण्यासाठी एक-दोन ग्रॅम राखून निम्मी लोकर संपली की, वाढवणे थांबवून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका कमी करायला लागायचे. दोन्ही त्रिकोण सारखेच असल्यामुळे पहिल्याला जितकी लोकर लागली तितकीच दुसऱ्याला लागते, आणि शेवटचे तीन टाके बंद करताना हातात राखलेला थोडासाच धागा उरतो. कोणतेही मोजमाप आधी न करता अख्खा गुंडा एका नीट चौकोनात संपतो, तेव्हा मला अजूनही बेरीज जुळल्यासारखे वाटते; तीस वर्षे बँकेत कॅश सांभाळल्याचा तो परिणाम असेल.

आडवी पट्टी विणत असाल तर दुसरा एक हिशेब लक्षात ठेवावा. साध्या विणीच्या एका ओळीला तिच्या रुंदीच्या साधारण तिप्पट धागा लागतो. म्हणून शिल्लक धागा पट्टीवर आडवा धरून पाहावा आणि तो चौपट भरत नसेल तर नवी ओळ सुरूच करू नये, टाके बंद करावेत. ओळीच्या मध्यावर लोकर संपल्यावर जी चिडचिड होते, तिचा अनुभव एकदा पुरे होतो.

हाताने कातलेल्या लोकरीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाचा, म्हणजे हस्तव्यवसायातून शिकवण्याचा, जो विचार रुजला, त्यातून पुष्कळ शाळांत सूतकताई शिकवली जात असे. माझे वडील अशाच एका शाळेत टकळीवर सूत कातायला शिकले आणि निवृत्तीनंतर त्यांनी मला ते शिकवले. पितळेची चकती, तिच्यातून गेलेली पोलादी काडी आणि टोकाला आकडा, एवढेच ते साधन. कापसाचा तंतू आखूड असल्यामुळे त्याला पीळ भरपूर लागतो आणि पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, धागा ओढताना हात जरा जरी जड पडला तरी तो तुटतो. लोकरीचा तंतू त्या मानाने लांब, त्यामुळे ती नवशिक्याला लवकर माफ करते. तरीही माझी पहिली लडी जाडजूड अळ्यांची माळ झाली होती. कुकरची शिट्टी झाली की धागा जाड, दाराची घंटा वाजली की नुसता पीळ, आणि दुपारी घर शांत असले की दोन-तीन हात एकदम सरळ. ती लोकर विणायला घेतली तेव्हा ते सगळे ठिकठिकाणी बोटांना लागत होते. गिरणीच्या लोकरीवर बोटे नुसती धावतात. हातकताईच्या लोकरीवर ती दर दोन-चार टाक्यांना थांबतात.

तुमच्या 80 ग्रॅमच्या लडीचे एक टोक उलगडून आधी ती एकपदरी आहे की दुपदरी ते पाहावे. एकपदरी धाग्यात पीळ शिल्लक असतो, आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण घातली की अख्खा तुकडा एका बाजूला तिरका होतो. आपल्या हाताचा दोष समजून मी असा एक तुकडा चार वेळा उसवला होता. दोन पदर उलट दिशेने एकत्र पिळलेले असतील तर तो पीळ एकमेकांत जिरतो आणि वीण सरळ राहते. तुमची लडी एकपदरी निघाली तर सगळ्या ओळी सुलट विणाव्यात, म्हणजे तिरकेपणाही जातो आणि जाड-बारीकही लपते. धाग्याची जाडी पाहण्यासाठी तो मोजपट्टीभोवती न ताणता एकाशेजारी एक गुंडाळावा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजावे. 12-13 वेढे बसले तर मी आठ नंबरची, म्हणजे 4 मिलिमीटरची सुई घेते. (आपल्याकडच्या जुन्या सुयांवर इंग्रजी काळातले नंबर आहेत आणि ते उलटे चालतात: दहा नंबरची सुई 3.25 मिलिमीटरची, आठ नंबरहून बारीक. सासूबाईंच्या सुया मिळाल्या असतील तर हे आधी लक्षात घ्या.) एवढ्या लोकरीत मोठ्या माणसाची एक कानटोपी साधारणपणे होते. ती ठाण्यात कोणी घालणार नाही, हे खरे. पण प्रत्येक मराठी घरात पुण्याच्या किंवा नाशिकच्या थंडीत पहाटे फिरायला जाणारे कोणीतरी असतेच.

घोंगडीसाठी कातलेली दख्खनी मेंढीची थोडी लोकर मला एकदा घोंगडीवाल्याकडून मिळाली होती. ती काळीभोर आणि राकट असते, गळ्याला लावली तर खाजून जीव नकोसा होईल. तिचे मी देवापुढे बसायचे छोटे आसन विणले, आणि आज माझ्या घरातली सर्वांत टिकाऊ वस्तू तीच आहे.

एक गोष्ट मात्र आधी करा, कारण ती न केल्याचा फटका मी खाल्ला आहे. आपल्या बाजारात ज्याला सर्रास लोकर म्हणतात ते बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, असते. मी अशाच एका लाल गुंड्याचे गरम भांडे ठेवण्यासाठी गोल आसन विणले आणि पाहुण्यांसमोर ऐटीत त्यावर गॅसवरून उतरवलेली कढई ठेवली. ती उचलली तेव्हा आसनही बरोबर उचलले गेले. निम्मी वीण वितळून कढईच्या बुडाला चिकटली होती आणि ती पुढे आठ दिवस मी खरवडत होते. तेव्हापासून अनोळखी गुंड्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत काडी लावून पाहते. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, काडी दूर नेली की बहुधा विझते आणि तिची राख बोटांनी चुरडते. सूत कागदासारखे जळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. गरम भांड्याखाली सूत किंवा लोकर, आणि भांडी घासायचा चौकोन ॲक्रिलिकचा, अशी मी वाटणी केली आहे.

याच परीक्षेवर जोडणेही अवलंबून आहे. खऱ्या लोकरीची दोन टोके थोडी उकलून, ओली करून, एकमेकांवर ठेवून तळहातांत जोरात चोळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि गाठ न मारता धागा सलग होतो. ॲक्रिलिकला किंवा सुताला कितीही चोळा, काही होत नाही. तेच खवले धुताना वैरी होतात, म्हणून लोकरीची वस्तू कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात नुसती बुडवून ठेवावी, घासू नये, आणि टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवी वाळवावी. जुलै-ऑगस्टमध्ये धुऊच नये; तीन दिवस ती वाळत नाही आणि चौथ्या दिवशी घरभर ओल्या मेंढीचा वास सुटतो.

छोट्या कामाचे आणखी एक सुख मला नोकरीच्या काळात लोकलने दिले. धिम्या गाडीने ठाण्याहून व्हीटीला पोहोचायला तासभर लागे आणि महिलांच्या डब्यात चौथी सीट मिळाली तरी नशीब म्हणायचे. तेथे लांब सुया चालवल्या तर शेजारणीच्या बरगडीत कोपर जाते. आखूड सुयांवर बाळाचे टोपडे मात्र पर्समधून निघे, मुलुंड ते दादर चार-सहा ओळी होत आणि परत पर्समध्ये जाई. एप्रिल-मेमध्ये घामेजलेल्या हाताला लोकर चिकटते, म्हणून त्या दिवसांत मी सुती धागा घेत असे, आणि ॲल्युमिनियमच्या सुयांचा काळपटपणा पांढऱ्या धाग्यावर उतरतो म्हणून बांबूच्या सुया. आठवड्यात टोपडे पूर्ण होई आणि डब्यातल्याच कोणाच्या तरी नातवाच्या डोक्यावर जाई.

रंगांच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. उरलेले सगळे रंग एका वस्तूत घालण्याचा मोह होतो आणि ती वस्तू जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी दिसते. गोधडी शिवणाऱ्या बायका हे अधिक चांगले जाणत. तुकडे कितीही रंगांचे असले तरी त्या धावदोरा एकाच रंगाचा घालीत आणि काठ एकाच कापडाचा लावीत. तसे एकच राखी किंवा मळकट पांढरा रंग निवडून प्रत्येक चौकोनाची कड त्याची करावी, म्हणजे तुमचे बावीस गुंडे एकमेकांशी भांडणार नाहीत. आणि मोबाइलची पिशवी, बाटलीचा झगा, रिमोटचे पांघरूण असल्या वस्तू कृपा करून विणू नका. लोक तोंडावर कौतुक करतात आणि नंतर त्या वस्तू माळ्यावर टाकतात.

गुंडे वापरायला काढण्यापूर्वी सासूबाईंजवळ एक दुपार बसा आणि प्रत्येक गुंडा कशाचा उरला आहे ते विचारून घ्या. आपल्या आयांनी ही लोकर उगीच जपलेली नसते. मूल वाढले की त्याच स्वेटरच्या बाह्या लांबवायला आणि कोपर झिजले की रफू करायला ती ठेवलेली असे. माझ्या आईच्या एका तपकिरी गुंड्याच्या पोटात, धागा ज्यावर गुंडाळला होता ती कागदाची घडी निघाली, आणि तिच्यावर पेन्सिलीने 'धाकटीचा, कोपरासाठी' असे लिहिलेले होते. धाकटी म्हणजे मी. तो स्वेटर कपाटात खालच्या कप्प्यात होता आणि डाव्या कोपराला खरोखरच विरला होता. तेव्हा ज्या गुंड्याचा स्वेटर अजून घरात असेल, त्याचा चार-पाच हात धागा आधी बाजूला काढून ठेवा आणि मगच उरलेला काट्यावर तोला.