गाइड डॉग हवाय? आधी सात रस्ता काठीने ओलांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २३, जन्मापासून दिसत नाही, घर सोलापुरात विजापूर रोडला, क्लासला रोज घरचं कोणीतरी सोडतं. गाइड डॉग मिळाला तर एकट्याने जाता येईल, मग आत्तापासून काय तयारी करायची?

यातलं ‘घरचं कोणीतरी सोडतं’ हे आधी सुटायला हवं. कुत्र्याला पत्ता कळत नाही. ‘नवी पेठेत चल’ म्हटलं की तो नेऊन सोडेल, हा समज सगळ्यात जास्त लोकांचा असतो आणि तो साफ चुकीचा आहे. कुत्रा अडथळ्याला वळसा घालतो, पायरीशी आणि फुटपाथच्या कडेशी थांबतो, अंगावर गाडी येत असेल तर ‘फॉरवर्ड’ म्हटलं तरी पाऊल टाकत नाही. बस. कुठे वळायचं, किती चौक झाले, आता रस्ता ओलांडायचा की थांबायचं, हे सगळं तुमच्या डोक्यात. सिग्नलचा रंगही तो बघत नाही. सात रस्ता चौकात तो तुम्हाला कडेला आणून उभा करील, पण त्या सातातला तुमचा कोणता हे त्याला कोण सांगणार?

म्हणून पहिले सहा महिने काठीचे. उभं राहिल्यावर छातीच्या मधल्या हाडापर्यंत येईल एवढी लांब काठी घ्या. कमरेएवढी असेल तर खड्डा कळेपर्यंत पाय त्यात गेलेला असतो. डावं पाऊल पुढे तेव्हा काठीचं टोक उजवीकडे, उजवं पुढे तेव्हा डावीकडे. झोका खांद्यांपेक्षा जरासाच रुंद. मोबिलिटी, म्हणजे काठीने एकट्याने फिरणं, शिकवणारा प्रशिक्षक लागेलच. अंधशाळेत किंवा नॅबच्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) शाखेत चौकशी करा. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, तिथेही विचारा.

तीन वाटा पक्क्या करा: घर ते बसथांबा, घर ते क्लास, आणि एखादी बाजाराची. कुणाच्याही मदतीशिवाय, रोज अर्धा-पाऊण तास. गाइड डॉग देणाऱ्या चांगल्या शाळा अर्जासोबत तुमच्या चालण्याचा व्हिडिओ मागतात किंवा माणूस पाठवून चाल बघतात. रोज जायला ठिकाणच नसेल तर अर्ज मागे पडतो, कारण काम नसलेला गाइड डॉग काही महिन्यांत शिकलेलं विसरायला लागतो.

चौक ओलांडायचा तो कानाने. तुमच्या शेजारून, तुमच्याच दिशेने जाणाऱ्या गाड्या एकदम सुटल्याचा आवाज आला की निघायचं. आडव्या रस्त्याला शांतता झाली म्हणून निघू नका. इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाज येत नाही.

आता एक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. काठी खांबाला लागते, टपरीच्या फळीला लागते, त्यावरून आपण कुठे आहोत ते कळतं. कुत्रा मात्र त्या खांबाला स्पर्शच होऊ देत नाही, लांबून वळसा घालतो. काठीवाल्यांच्या खुणा एका दिवसात गायब होतात आणि माणूस आपल्याच गल्लीत हरवतो. त्यामुळे आत्तापासून दुसऱ्या खुणा जमवा: पायाखालचा उतार, डांबर संपून लागलेली फरशी, बेकरीचा वास, दोन इमारतींच्या फटीतून येणारा वारा. साखर पेठ, अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागाचा खटखटाट ही उत्तम खूण, पण वीज गेली किंवा सुट्टी असली की तीही गप्प. एका वळणाला किमान दोन खुणा हव्यात, आणि दोन्ही आवाजाच्या नकोत.

वेगाचीही सवय हवी. कुत्रा डावीकडे चालतो, हार्नेसचा, म्हणजे त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांचा, कडक दांडा तुमच्या डाव्या हातात असतो आणि ओढ सतत पुढे असते. काठीच्या मानाने ही चाल बरीच झपाट्याची. शाळेत याची चाचणी कुत्र्याशिवायच होते: प्रशिक्षक स्वतः हार्नेस धरून कुत्रा होतो, तुम्ही दांडा धरून मागे चालता. याला जूनो वॉक म्हणतात. घरी भावाला हातभर काठीचं एक टोक धरायला लावून मोकळ्या मैदानात हेच करता येतं. खांदा दुखला तर समजा, तुम्ही मागे ओढताय.

कुत्रा मिळणार कुठून? इथे स्पष्ट बोलतो. भारतात गाइड डॉग अगदी विरळ. परदेशी शाळा बहुधा त्यांच्या देशात राहणाऱ्यांनाच देतात; अमेरिकेतली ‘द सीइंग आय’ १९२९ पासून चालू आहे, ती अमेरिका-कॅनडाच्या रहिवाशांपुरती. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे जायचा विचार असेल तर वाट उघडते. कुठल्याही संस्थेबद्दल पहिला प्रश्न एकच विचारा: इंटरनॅशनल गाइड डॉग फेडरेशनची मान्यता आहे का? ‘तुमचं लॅब्राडोरचं पिल्लू आणा, चार महिन्यांत गाइड डॉग करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पिल्लू वर्ष-दीड वर्ष घरात वाढतं, मग काही महिने शिकतं, साधारण दोन वर्षांचं झाल्यावर तुमच्याशी जोडी लागते, त्यानंतर दोन ते चार आठवडे तुम्ही दोघं एकत्र शिकता. यासाठीच पैदास केलेली पिल्लंही बरीच बाद होतात. शिवाय त्याचं काम नऊ-दहा वर्षांच्या वयापर्यंतच.

सोलापुरात दोन अडचणी मोठ्या. एक ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्याचे पायही भाजणार. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, नाहीतर दिवस मावळून दोन तास गेल्यावर. क्लास दुपारचा असेल तर वेळ बदलायचा विचार आधी करा.

दुसरी, मोकाट कुत्री. ती अंगावर आली की शिकलेल्या कुत्र्याचंही लक्ष उडतं, आणि एका जोराच्या चाव्यानंतर काही कुत्री कामच सोडतात. मटणाच्या दुकानाजवळची आणि उकिरड्याजवळची वाट पहिल्यापासून टाळा. टोळी आली तर धावू नका. थांबा, दोरी घट्ट धरा, बटणाची छत्री त्यांच्या दिशेने फाडकन उघडा. तुमच्या कुत्र्याला चावा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग जनावरांचा डॉक्टर. रेबीजची लस दरवर्षी आणि रोज रात्री बोटांनी गोचिडांची तपासणी: कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. गोचीड तापाने चांगला कुत्रा आठवड्यात झोपतो.

घरच्यांची तयारी तुमच्याइतकीच महत्त्वाची. आपल्याकडे एकाच घरात मराठी, कन्नड, तेलुगू चालतात. कुत्र्याला हुकूम मात्र एकाच भाषेत आणि एकाच माणसाने, म्हणजे तुम्हीच. हार्नेस अंगावर असताना कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. शेंगाचटणी-भाकरीचा तुकडा तर नकोच: लसूण आणि कांदा कुत्र्याला विषारी, मनुकाही. एकदा ताटातलं मिळालं की तो प्रत्येक भज्याच्या गाड्याशी थांबणार. मोठ्या लॅब्राडोरला दिवसाला साधारण साडेतीनशे ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, दोन वेळांत; म्हणजे महिन्याला दहा-अकरा किलो. दुकानात भाव विचारून हिशेब आजच करा.

शी उचलायची कशी, हे सगळे लाजत विचारतात. कुत्र्याला दोरीवर एकाच ठरलेल्या जागी न्या आणि पाठीवर हलका हात ठेवा. पाठ सरळ राहिली तर लघवी, कमानीसारखी वाकली तर शी. वाकली की आपला पाय त्याच्या मागच्या पायांशी नेऊन ठेवा आणि हलवू नका. झाल्यावर हातात उलटी पिशवी घालून पायाच्या टोकापासून चाचपा, सापडेल. शेजाऱ्याचा शांत कुत्रा पंधरा दिवस मागून घ्या आणि खाणं, पाणी, ब्रश, शी सगळं एकट्याने करून बघा. सोळाव्या दिवशीही कुत्रा हवासा वाटला तर मग अर्जाच्या कागदांकडे वळा: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), डोळ्यांचा दाखला, तब्येतीचं प्रमाणपत्र.