चार फुटी टँक, जारचं पाणी आणि बोअरवर आलेला आळ

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली, कारण यातली प्रत्येक पायरी ओळखीची आहे. चार बाय दीड बाय दीड फुटांचा माशांचा टँक. लातूरचं बोअरचं पाणी जड, म्हणून विकतच्या आरओ पाण्याचे वीस लिटरचे बारा जार मागवून भरला. चार आठवडे पाणी काचेसारखं स्वच्छ. मग मासे मंदावले, पीएच ६ निघाला आणि अमोनियाचा रंग कार्डावरच्या शेवटच्या खणात, म्हणजे लिटरला ८ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. घाबरून अर्धं पाणी काढलं, बोअरचं घातलं आणि रात्रीपर्यंत चौदातले नऊ गेले. आता दुकानदार सांगतोय की बोअरमध्ये विष आहे, घरी आरओ बसवा. तुम्ही विचारताय, कोणता बसवू?

कोणताच नको. मला या छंदात सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, जारच्या पाण्यावर मोठा टँक बसवायची. बोअरचा दोष शेवटच्या अर्ध्या तासापुरता, मासे त्याआधीच अडचणीत होते. काच, स्टँड, सिलिकॉन यावर मी बोलत नाही, ते तुम्ही केलंच असेल. एवढंच बघा की २५५ लिटर पाणी, दहा मिमीची काच आणि वाळू मिळून साडेतीनशे किलोच्या वर जातं, त्यामुळे लेव्हल पुन्हा एकदा तपासा.

आधी उरलेल्या पाच माशांचं. आज नुसत्या बोअरचा एक तांब्याही टँकमध्ये घालू नका. खाणं पूर्ण बंद. दुकानात अमोनिया बांधून ठेवणारं औषध मिळतं, ते बाटलीवरच्या मापानं घाला. नुसतं अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) नको, त्यानं अमोनिया बांधला जात नाही. आता टँकमध्ये बोअर आणि जारचं जसं मिश्रण झालंय तसंच, निम्मंनिम्मं, टिपाडात बनवा आणि रोज पंचवीस टक्के पाणी बदला. अमोनिया ०.५ च्या खाली येईपर्यंत हेच. मीठ, निळं औषध, गोळ्या, काही नको.

आता झालं काय ते. मासे अमोनिया सोडतात, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण हे काम करताना जिवाणू पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देणारे क्षार, खातात, हे कोणी सांगत नाही. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कलिनिटी लागते. जारच्या आरओ पाण्यात ती लिटरला २० मिलिग्रॅम असली तरी खूप. तुमच्या टँकमध्ये रोज तीन ग्रॅम खाणं पडत असेल, तर त्यातून लिटरमागं साधारण ०.४ मिलिग्रॅम नायट्रोजन रोज सुटतो. हिशेब करा, आठवड्याभरात शिल्लक शून्य. मग पीएच घसरतो, सहाच्या आसपास आला की जिवाणू जवळजवळ थंडावतात आणि अमोनिया नुसता साठत जातो.

तरी मासे जगले, कारण पीएच ६ ला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो माशाला फारसा बाधत नाही. तीस अंशाला मोकळा, विषारी भाग हजारात एकाच्याही आत. तेच पाणी पीएच ८ ला गेलं की हा भाग साडेसात टक्के होतो. तुम्ही अर्धं पाणी बदललंत, एकूण अमोनिया आठाचा चार झाला, पण विषारी भाग जवळजवळ पन्नास पट वाढला. वर एकदम बदललेल्या क्षारांचा धक्का. बोअरमध्ये विष नव्हतं, विष टँकमध्ये झोपलेलं होतं. बोअरनं त्याला उठवलं.

म्हणून टीडीएस पेनावर विसंबू नका. जारवाला पेन बुडवून ४० दाखवतो आणि आपण खूश. पेन फक्त एकूण क्षार सांगतं, त्यात अल्कलिनिटी किती हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा केएचचा, म्हणजे अल्कलिनिटी मोजायचा, थेंबांचा किट घ्या. पाच मिलि पाणी नळीत घ्यायचं, एकेक थेंब टाकून हलवायचं, निळ्याचं पिवळं होईल तो आकडा म्हणजे केएच. एक केएच म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. जारच्या पाण्यात पहिल्याच थेंबाला नळी पिवळी होते, ती एकदा स्वतः बघा म्हणजे मी काय बडबडतोय ते पटेल. बोअरच्या पाण्यात पंधरा-सतरा थेंब मोजत बसावं लागतं.

किट कशाला, सरकारी तपासणी करून घेऊ, असं कोणी सांगेल. जरूर करा, पण अपेक्षा ठेवू नका. एका कार्यालयात तीन चकरा मारून मला जो कागद मिळाला त्यावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का होता आणि अल्कलिनिटीच्या रकान्यात आडवी रेघ. विचारलं तर उत्तर, "प्यायचंच आहे ना? मग झालं." आता पिण्याच्या पाण्याच्या मानकात अल्कलिनिटी लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे ६० चं पाणीही योग्य आणि ५८० चंही योग्य. माणसाला चालतं हो, माशाला या दोन पाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्या रेघेपायी कित्येक महिने चुकीच्या दिशेनं गेले. सगळीकडं असंच असतं असं नाही. तुमच्या इथं पूर्ण तक्ता मिळत असेल तर उत्तमच.

बोअरचा पीएच मोजताना एक गंमत लक्षात ठेवा. जमिनीतून आत्ताच वर आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, त्यामुळे पीएच ७.२ दिसतो. टिपाडात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून चोवीस तास ठेवलं की तेच पाणी ८ च्या वर जातं. खरा आकडा तो. शिवाय या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून थेट पाइप लावून टँक भरायचा नाही.

नव्यानं भरताना प्रमाण असं धरा. तुमच्या बोअरचा केएच समजा १७ आला. अर्धं बोअर, अर्धं जार, टिपाडात एकत्र करून रात्रभर एअर स्टोनवर. केएच साडेआठ-नऊ येईल. सहा ते दहाच्या मध्ये काहीही चालतं. बोअरचा मुळातच दहाच्या आत असेल तर जारचा एक रुपयाही घालवू नका. सॉफ्टनरचं पाणी मात्र नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं आणि केएच आहे तसाच राहतो. नळाचं पाणी वापरणार असाल तर काही दिवसांनी सुटणाऱ्या पाण्याला पहिल्या तासात ब्लीचिंगचा जो वास येतो तो गंभीरपणे घ्या. २०० लिटरच्या टिपाडाला २ ते ३ ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून ढवळलं की क्लोरीन जातो.

पुढची पायरी, उरलेले मासे दुसरीकडं हलवून, माशांशिवाय टँक पिकवायची, म्हणजे फिल्टरमध्ये ते जिवाणू वाढवायची. यासाठी नवसागर लागतो, तोच, कल्हईवाले वापरायचे तो. पण किराण्यातला खडा नको, त्यात काय मिसळलंय देव जाणे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा. तुमच्या टँकला दीड ग्रॅम घातला की अमोनिया २ च्या आसपास येतो. रोज मोजा. संपला की पुन्हा तेवढाच घाला. दीड ग्रॅम घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले तर टँक पिकला. आपल्याकडच्या उकाड्यात तीन-चार आठवडे, थंडीत सहा. कुणाच्या जुन्या टँकमधला घाणेरडा स्पंज मिळाला तर निम्मा वेळ वाचतो. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही.

फिल्टर ताशी हजार ते दीड हजार लिटरचा घ्या. खोक्यावर लिहिलेलं आणि प्रत्यक्ष येणारं यात बराच फरक असतो, वरच्या बाजूला झुका. कॅनिस्टरच्या (टँकबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरच्या) जोडीला दोन मोठे स्पंज फिल्टर ठेवा, हे माझं ठाम मत. लाइट गेली की पाच वॅटचा एअर पंप इन्व्हर्टरवर बराच वेळ चालतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत चेक व्हॉल्व बसवा, नाहीतर लाइट जाताच पाणी उलटं पंपात शिरतं. आणि कॅनिस्टर चार-सहा तास बंद राहिला तर तसाच सुरू करू नका. आतलं कुजकट पाणी आधी ओतून द्या.

मासे पाण्याप्रमाणे निवडा, पाणी माशांप्रमाणे बदलायच्या भानगडीत पडू नका. गप्पी, मॉली, प्लॅटी, सोर्डटेल, रेनबोफिश, मलावी तळ्यातले सिक्लिड या सगळ्यांना जड पाणी मानवतं. मलावीचे मात्र बाकीच्यांत मिसळू नका, मारकुटे असतात. निऑन, कार्डिनल, डिस्कस विसरा. झाडांमध्ये व्हॅलिस्नेरिया लावा, जड पाण्यातल्या बायकार्बोनेटवर तिचं भागतं. नदीची वाळू घेणार असाल तर मूठभर वाळूवर लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुन्याचे कण आहेत. तुमच्या पाण्यात त्यानं फार बिघडत नाही, पण माहीत असलेलं बरं.

जारचं पाणी पूर्ण वाया नाही, त्याची खरी जागा उन्हाळ्यात आहे. एप्रिल-मेमध्ये टँकवर पंखा लावलात तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण रोज तीन-चार लिटर उडूनही जातं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागंच राहतात. ही तूट बोअरनं भरत गेलात तर जडपणा चढतच जातो. तेवढी भर जारनं घाला. पाणी बदलणं वेगळं आणि तूट भरणं वेगळं, एवढा भेद पाळला की झालं.

विषय निघालाच आहे तर, डासांची धुरळणी करणारी गाडी गल्लीत आली की आधी एअर पंप बंद करा आणि टँकवर ओली चादर टाका. त्या औषधांतली बरीचशी माशांना माणसापेक्षा कितीतरी जास्त घातक असतात आणि पंप बाहेरची हवा थेट पाण्यात सोडतो. धूर ओसरला, खिडक्या उघडल्या की लगेच पंप सुरू. आणि बदललेलं पाणी मोरीत सोडू नका. २०१६ ला ज्या शहरात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं राहता तुम्ही. कुंड्यांना घाला, नायट्रेट असतं त्यात, मोगरा खूश होतो.

मी मत्स्यतज्ज्ञ नाही आणि तुमचं बोअर मी पाहिलेलं नाही, तेव्हा वरचे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या. किट आला की बोअर, नळ आणि जार तिन्हींचा केएच, चोवीस तास हवेवर ठेवल्यानंतरचा, इथंच टाका. मिश्रणाचं नेमकं माप मग ठरवू.