विचारा बिनधास्त: १६-५ हा काय बास्केटबॉलचा स्कोअर झाला?

प्रश्न: सर नमस्कार. आम्ही पार्क मैदानाकडं रोज संध्याकाळी बास्केटबॉल खेळतो. परवा एकानं वाचून आणलं की अमेरिकेतल्या कॅन्सस युनिव्हर्सिटीची टीम १८९९ मध्ये पहिली मॅच १६-५ नी हरली, तवापासून आमच्यात भांडण लागलंय. एकजण म्हणायलाय, "काय बे, एवढ्यात तर आपली बारकी पोरं पण जिंकतील." खरंच एवढे कच्चे होते का ते? आणि त्या काळात कॉलेजचा सीझन म्हणजे नेमकं काय असायचं?
(एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: तुमच्या मित्राला म्हणावं, लका जरा थांब. त्या टीमचा कोच कोण होता माहितीय का, जेम्स नेस्मिथ, म्हणजे ज्यानं १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला हा खेळच शोधून काढला तो माणूस! ३ फेब्रुवारी १८९९ ला कॅन्सस सिटीच्या वायएमसीएनं (तरुणांसाठीची ख्रिस्ती संस्था) त्याच्याच टीमला हरवलं, पण त्याच सीझनमध्ये त्यांनी ७ मॅच जिंकल्या आणि ४ हरल्या, म्हणजे टीम काय टाकाऊ नव्हती.

स्कोअर कमी असायचा तो नियमांमुळं. तेव्हा प्रत्येक बास्केट पडली की बॉल परत मधोमध न्यायचा, रेफ्री वर उडवणार, दोघं उंच पोरं उड्या मारणार आणि मग खेळ पुढं. हे १९३७ पर्यंत चाललं. शॉट क्लॉक (ठराविक सेकंदांत शॉट मारायचं बंधन) नाही, थ्री पॉइंटर (लांबून मारलेली तीन पॉइंटची बास्केट) नाही, एकदा लीड मिळाली की बॉल आपसात फिरवत बसा, कोण काय बोलणार. त्यात बास्केटची जाळी बरीच वर्षं खालून बंद असायची, बॉल आत पडला की साखळी ओढून बाहेर काढायचा, म्हणजे आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये सिक्स गच्चीवर गेला की सगळी मॅच थांबते ना, तसाच प्रकार. बॉल पण चामड्याचा, आत ब्लॅडर, वर बुटासारखी लेस बांधलेली, तो लेसवर आपटला की कुठं उसळी घेईल सांगता येत नाही. आणि ड्रिबल करत, म्हणजे बॉल आपटत आपटत आलेल्यानं स्वतः बास्केट मारायची नाही असा पण नियम काही वर्षं होता, म्हणजे तुमचा लेअप (पळत जाऊन जवळून टाकलेली बास्केट) तिथं फाऊलच धरला असता.

फ्री थ्रो म्हणजे फाऊल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट, त्याचं तर अजून भारी. फाऊल कुणावरही होऊ दे, थ्रो मारायला टीमचा एकच ठरलेला भिडू पुढं यायचा. ज्याच्यावर फाऊल त्यानंच मारायचं हे १९२० च्या दशकात आलं. त्यामुळं जुन्या स्कोअरशीटवर एकाच पोराच्या नावासमोर पॉइंट्सचा ढीग दिसला तर तो टीमचा एकटा हिरो होता असं लगेच समजू नका.

आता सीझन. आज सगळं वेळापत्रक छापून येतं, तेव्हा तसं काही नव्हतं. लीग होत्या, पण थोड्या. बाकी जो मिळेल त्याच्याशी खेळायचं, वायएमसीए, गावातला क्लब, शेजारचं कॉलेज. त्यात कॉलेजवाल्यांचे नियम वेगळे आणि क्लबवाल्यांचे वेगळे, दोघांची एकत्र कमिटी झाली १९१५ ला, म्हणजे तोवर मॅचच्या आधी कुठले नियम हे ठरवण्यातच डोकं जायचं. कॅन्ससची टीम १९०७ ला मिसुरी व्हॅलीच्या लीगमध्ये आली. त्याच सीझनला नेस्मिथचाच शिष्य फॉग ॲलन, वय २२, कोच झाला, आणि तो त्याच वेळी बेकर युनिव्हर्सिटीची टीम पण सांभाळत होता! तरी कॅन्ससनं १८ जिंकल्या, ६ हरल्या. पुढच्या वर्षी २५ जिंकल्या, ३ हरल्या. आणि खुद्द नेस्मिथचा कॅन्ससमधला हिशोब ५५ जिंकल्या, ६० हरल्या. खेळ काढणारा माणूसच रेकॉर्डमध्ये मायनसमध्ये. मला विचाराल तर त्याला फार फरक पडत नसावा, त्याला पोरांच्या व्यायामात जास्त रस होता.

भांडण मिटवायचं असेल तर एक करा, पार्कवर दहा मिनिटं या नियमांनी खेळून बघा. प्रत्येक बास्केटनंतर सेंटरला जंप, फ्री थ्रोला एकच भिडू, लेअप बंद. घड्याळ मात्र थांबवायचं नाही. मग स्कोअर कळवा.

प्रश्न: जुन्या मॅचेस जाळीच्या पिंजऱ्यात खेळायचे असं ऐकलं, खरंय का?
(एक विद्यार्थिनी, सात रस्ता)

उत्तर: काही ठिकाणी खरंच. कारण सुरुवातीचा नियम असा की बॉल बाहेर गेला तर जो आधी हात लावेल त्याचा. मग काय, पोरं प्रेक्षकांत घुसायची, गॅलरीच्या जिन्यावर धक्काबुक्की. म्हणून कोर्टाभोवती जाळी लावली. बास्केटमागचा बोर्ड पण प्रेक्षकांमुळंच आला बरं का, गॅलरीतले लोक रेलिंगवरून हात घालून आपल्या टीमचा बॉल आत ढकलायचे आणि दुसऱ्याचा बाहेर.

प्रश्न: आपल्याकडं हा खेळ नीट कधी रुजला?
(एक पालक, मुरारजी पेठ)

उत्तर: वायएमसीएमुळंच. स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० ला मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, तिथं शिकलेले पीटी मास्तर पुढं शाळाशाळांत गेले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ ला दिल्लीत झाली आणि देशाचं बास्केटबॉल फेडरेशन १९५० मध्ये.