पदवी होऊन तीन वर्षं झाली, नोकरी नाही. दिवसभर पडून असतो, पुस्तकही उघडवत नाही. मी आळशी झालोय का? घरच्यांना काय सांगू?

परभणीत माझी अभ्यासिका आहे. हा प्रश्न पोरांकडून नेहमी ऐकतो. माझ्या मते हा आळस नाही.

ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली गिरणी जागतिक मंदीत बंद पडली. मारी याहोदा ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांची पाहणी करून १९३३ साली ती छापली. वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं होतं. माणसं रस्त्यानं हळू चालायला लागली होती. पगाराबरोबर उठायची वेळ जाते, चार जणांत मिसळणं जातं आणि ‘मी अमुक करतो’ हे सांगणंही जातं. तुमचं पुस्तक उघडत नाही ते यामुळंच.

आपल्याकडं त्यात पाहुण्यांची भर. ‘सध्या काय चालू आहे?’ हे ऐकायला नको म्हणून पोरं लग्नाला जायची बंद होतात, मग कट्ट्यावर, मग जेवायलाही खोलीतच. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले होते. यादीत नाव नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवायचं असेल तर निम्मा मराठवाडा नालायक निघेल.

म्हणून ‘फुल टाइम तयारी’ सोडा. मेडिकलवर, कापडाच्या दुकानात, कुठंही अर्धा दिवस काम धरा. पगार किरकोळ असेल, पण सकाळी कुणीतरी तुमची वाट बघत असेल. (हे सांगून माझंच गिऱ्हाईक तुटतं, तुटू द्या.) शेतात जायची लाज वाटते असंही पोरं सांगतात. ती लाज मला कळते, पण पटत नाही.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर नुसत्या कामानं भागणार नाही. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच, एकटं न राहता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

वडिलांना ‘डिप्रेशन’ वगैरे सांगत बसू नका. झोप लागत नाही, अन्न जात नाही, दवाखान्यात सोबत चला, एवढंच म्हणा. बहुतेक बाप त्यावर गाडी काढतात. नाहीच निघाले तर मामा किंवा थोरल्या बहिणीला गाठा.