गादी सरकली आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करून टाकावं का?

एल-४ एल-५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलीय, कंबर आणि डावा पाय महिनाभर दुखतोय, छेद एवढासाच असतो तर उरकून का टाकू नये, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांना उठवून चालवणं हेच माझं रोजचं काम.

आधी सांगा, जास्त काय दुखतं, कंबर की पाय? या ऑपरेशनमध्ये नसेवर आलेला गादीचा तुकडा काढतात. त्यामुळे पायात उतरणारी कळ थांबते, पुष्कळांची तर त्याच दिवशी. नुसती कंबर धरत असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही, छेद कितीही लहान असो. आणि छेदाचं म्हणाल, तर मायक्रोस्कोपखाली दोन-तीन सेंटीमीटर, दुर्बिणीतून एकाहूनही कमी. वर्षभराने दोन्ही प्रकारे ऑपरेशन झालेल्यांचे पाय जवळपास सारखेच बरे असतात. सर्जनचा हात ज्यात बसलाय, ते ऑपरेशन चांगलं.

थांबलं तर काय होतं? बाहेर आलेला तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच जिरवतं. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात कळ उतरणाऱ्या पेशंटवर झालेला अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. म्हणून कळ सोसवत असेल तर औषधं आणि व्यायामावर अजून काही आठवडे काढा. रात्रीची झोपच उडाली असेल, तर ऑपरेशन करून घेण्यात कमीपणा अजिबात नाही.

एका बाबतीत मात्र थांबू नका. लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर वाटली, तर रात्र असो की सण, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. चप्पल पायातून निसटत असेल, पाऊल वर उचलत नसेल, तरी एक-दोन दिवसांत सर्जनला दाखवा.

ऑपरेशन झालंच तर पाठीवरून सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या जोरावर उठायचं. वाकून बादली उचलणं काही आठवडे बंद. शंभरातल्या पाच-दहा जणांची गादी पुन्हा सरकते, म्हणून मी याबाबत फार कडक असते.

आज भिंतीचा आधार घेऊन दोन्ही टाचांवर चार पावलं चालून बघा. डावा पंजा खाली पडतोय का, ते इथे लिहा.